ठसा आणि चित्र

मालवणच्या धक्क्यावरून घेतलेले एक छायाचित्र गेले काही महिने आमच्या टेबलावर आहे. मार्गशीर्षातली कलती दुपार. समोर पाण्यात सिंधुदुर्गाचा तट, त्यामागून डोकावणारे माडांचे शेंडे, अलीकडे उतारूंना किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या, आणि अगदी डाव्या कडेला पाटीपुढे बसलेली एक मासे विकणारी बाई. तीही निम्मीच आली आहे. या छायाचित्रावरून जलरंगात एक चित्र करावे असा आमचा मानस होता. कागद भिजवून फळीवर ताणला, रंग काढले, पाण्याची दोन भांडी भरून ठेवली, कुंचला हातात घेतला आणि हात थांबला. छायाचित्रात सगळेच होते. तटाचे चिरे होते, होड्यांवरची अक्षरे होती, पाण्यावरची प्रत्येक चमक होती. त्यांतले आधी काय घ्यावे हे मात्र छायाचित्र सांगत नव्हते.

त्या दिवशी होडीत बसताना आम्ही आणखी एक छायाचित्र घेण्यासाठी थांबलो होतो. तेव्हा म्हातारा होडीवाला म्हणाला होता, "फोटो काढून झाले मां? आता जरा किल्लो बघा." आम्ही हसलो होतो. कोऱ्या कागदापुढे बसल्यावर ते वाक्य पुन्हा ऐकू आले, आणि या वेळी हसू आले नाही.

छायाचित्र समोर असताना चित्राची सुरुवात कोठून करायची? प्रश्न नवशिक्याचा आहे आणि चित्रकलेच्या वर्गात त्याला तांत्रिक उत्तरही मिळते. परंतु या प्रश्नाला इतिहास आहे. आपल्याकडे तर तो कॅमेरा येण्याच्याही आधीपासूनचा आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनाही तो परका वाटू नये.

आरंभ किल्ल्यापासूनच करू. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४मध्ये कुरटे बेटावर सुरू झाले आणि १६६७मध्ये पुरे झाले. किल्ल्याच्या तटबंदीत दोन लहान घुमट्या आहेत. त्यांत चुन्यात उमटलेला एक हाताचा आणि एक पायाचा ठसा जपून ठेवला आहे. ते ठसे शिवाजी महाराजांचे, असे परंपरा मानते. त्याच किल्ल्यात राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तेथील मूर्तीला दाढी नाही, आणि तिच्या वेषाचे साम्य नावाड्याच्या वेषाशी सांगितले जाते. महाराजांच्या ज्या चित्रांना आपले डोळे सरावले आहेत, त्यांच्याशी ही मूर्ती जुळत नाही. एकाच तटाच्या आत, एकाच व्यक्तीच्या दोन खुणा अशा शेजारी आहेत. ठशात करणाऱ्याची निवड नाही. ओला चुना आणि हाताचा दाब एवढेच त्याचे साधन. मूर्तीत सगळी निवडच आहे. समुद्रातल्या किल्ल्यावर राजा कोणत्या रूपात पुजावा हे कोणीतरी ठरवले आणि चेहरा बदलण्याची जबाबदारी घेतली. छायाचित्र हे ठशाच्या जातीचे आहे. फरक इतकाच की येथे चुन्याच्या जागी प्रकाशाला प्रतिसाद देणारा पृष्ठभाग असतो. चित्र मात्र मूर्तीच्या जातीचे. छायाचित्रावरून चित्र करणे म्हणजे एका जातीतून दुसऱ्या जातीत जाणे, आणि आमचा हात नेमका त्या उंबरठ्यावर थांबला होता.

हा उंबरठा ओलांडणाऱ्या पहिल्या मराठी चित्रकारांत गंगाराम चिंतामण तांबट यांचे नाव घ्यावे लागते. पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट याच्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी चित्रे काढली. वेरूळच्या लेण्यांची त्यांची रेखाटने त्यांत आहेत, आणि त्यांचे बरेचसे काम आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला तेव्हा गंगाराम त्याच्याबरोबर काम करू लागले. १७९५मध्ये वेल्स वारला. त्याने केलेली वेरूळची रेखाटने पुढे लंडनला टॉमस डॅनिएल याच्या हाती पडली आणि त्यांवरून केलेल्या मुद्राचित्रांचा संग्रह १८०३मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या डोळ्यांनी वेरूळ पाहिले ते एक, आणि ज्या हाताखाली तांब्याच्या पत्र्यावर वेरूळ उतरले तो दुसरा. दुसऱ्याने प्रवासात केलेल्या चित्रावरून घरी बसून चित्र करण्याचा हा प्रकार कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. डॅनिएल स्वतःही कोरा डोळा घेऊन हिंदुस्थानात हिंडला नव्हता. तो आणि त्याचा पुतण्या विल्यम कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत. या पेटीत समोरचे दृश्य भिंगातून आत पडते आणि त्यावरून रेघा ओढता येतात. म्हणजे यंत्राने दिलेला ठसा आणि त्यावर हाताने चढवलेला रंग ही जोडी दोनशे वर्षांहून जुनी आहे. छायाचित्रावरून काम करणाऱ्याला लबाड समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

या मुद्राचित्रांची आणखी एक सवय पुढे आपल्या कामी येणार आहे. त्यांत वास्तू भव्य असते आणि माणसे मुंगीएवढी. माणूस तेथे असतो तो बहुधा वास्तूची उंची कळावी म्हणून. त्याला कोपऱ्यात बसवावे, पाठमोरा करावा, नको असेल तर काढून टाकावा. 'रमणीय' दृश्याची ही घडण इतकी मुरली की आज फोनवर छायाचित्र घेतानाही आपण नकळत तीच पाळतो.

मुंबईत छायाचित्रण आले ते शोध लागल्यावर फार उशिरा नव्हे. १८५४मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. हे कुटुंब सिंधुदुर्गाला लागून असलेल्या पेडणे महालातून मुंबईस आलेले. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ची. चित्रकलेचे पाश्चात्त्य शिक्षण आणि कॅमेरा या दोन गोष्टी आपल्याकडे अशा जवळजवळ एकदमच आल्या.

पण तो कॅमेरा काय पाहत होता? त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला हळव्या आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. निळे आकाश त्यांवर पांढरे फटक पडे आणि ढग त्यात विरून जात. तांबडी वस्तू काळी उमटे. कोकणापुरता याचा अर्थ लावून पाहावा. जांभ्या दगडाची भिंत, तांबड्या मातीची पाखाडी, कौलारू छप्पर, सगळे काळे. ज्या मुलखाची ओळखच तांबडी, त्याचा तांबडेपणा या यंत्राला दिसतच नव्हता. त्या छायाचित्रावरून चित्र करायला बसलेल्याला रंग स्मरणातून आणावा लागे, आणि स्मरणात असण्यासाठी आधी तो पाहिलेला असावा लागे.

यंत्राच्या आणि डोळ्याच्या या भेदाचा एक सुंदर प्रसंग याच किनाऱ्यावर घडला. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर हा ज्योतिर्विद विजयदुर्गावर आला. हेलियमच्या शोधाशी त्याचे नाव निगडित आहे ते तीस वर्षांपूर्वीच्या, १८६८च्या निरीक्षणांमुळे. विजयदुर्गावर आता छायाचित्रणाची उपकरणे मांडली गेली. त्या काळच्या ग्रहणमोहिमांत मात्र कॅमेऱ्यांच्या जोडीला हाताने रेखाटन करणारेही बसवण्याची रीत होती, आणि तिला कारण होते. सूर्याभोवतीचे प्रभामंडल आतल्या बाजूला अतिशय तेजस्वी आणि बाहेर अतिशय फिके असते. काच थोडा वेळ उघडी ठेवली तर बाहेरचा भाग उमटत नाही; जास्त वेळ ठेवली तर आतला भाग जळून पांढरा होतो. डोळा मात्र ही दोन्ही टोके पुष्कळ अंशी एकाच वेळी धरू शकतो. रेखाटणारी माणसे चुकत, एकाच ग्रहणाची दोघांची चित्रे जुळत नसत. तरी काचेला न सापडणारे काहीतरी त्यांच्या कागदावर असे. खग्रास स्थिती मिनिटा-दोन मिनिटांची. तेवढ्या वेळात काय टिपायचे आणि काय सोडायचे हे आधी ठरवलेले असावे लागे.

चित्रकारांनी कॅमेऱ्याला वैरी मानले असेही नाही. राजा रविवर्मा छायाचित्रांचा उपयोग करत, हे आता सर्वश्रुत आहे. दुसऱ्या टोकाला कोल्हापूरचे आबालाल रहिमान. कलाशाळेतले शिक्षण संपवून ते गावी परतले आणि कोटीतीर्थाच्या परिसरात जाऊन तेच पाणी, तीच झाडे पुन्हापुन्हा रंगवत राहिले. १९३१मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी रंगवलेले पाणी रोजच्या ओळखीचे होते. प्रवाशाला ती सोय नसते. तो एका दुपारी येतो, एक ठसा घेऊन जातो आणि मग शंभर कोसांवर बसून त्या ठशाला बोलते करू पाहतो.

ठसा बोलता होण्यासाठी जलरंगाची एक अट पाळावी लागते, आणि ती समजून घ्यायला सावंतवाडीएवढे चांगले ठिकाण नाही. येथल्या चिताऱ्यांची गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेचा डाव दहा अवतारांचा, प्रत्येकाची बारा पाने, अशी एकशे वीस गोल पाने. पान तयार करताना चिंचोक्याची खळ लागते, त्यावर खडूचा पांढरा हात बसतो, मग अपारदर्शक रंग आणि शेवटी लाखेचा लेप. विसाव्या शतकात ही कला विझत चालली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चिताऱ्यांना बसवून ती पुन्हा उभी केली. या पद्धतीत चित्र थरावर थर चढवून घडते. पांढरे हवे तेथे पांढरा रंग लावायचा. चुकले तर वरून दुसरा हात द्यायचा.

याच सावंतवाडीत १८८२मध्ये सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या कलाशाळेत शिकून १९०८मध्ये त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली आणि पारदर्शक जलरंगावर असे प्रभुत्व मिळवले की त्यांचे नाव त्या माध्यमाशी कायमचे जोडले गेले. 'ग्लो ऑफ होप' हे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी तरुणी. बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि भोवती अंधार. पाहणारे ते तैलचित्र समजतात, पुष्कळदा रविवर्म्याचे समजतात. ते जलरंगातले आहे, आणि १९४५च्या सुमारास चित्रकाराची कन्या गीता त्यासाठी दिवा घेऊन उभी राहिली होती.

पारदर्शक जलरंगात उजेड लावता येत नाही, राखावा लागतो. कागदाचा पांढरेपणा हाच तेथला उजेड. त्यावर जितका रंग चढेल तितका तो विझत जातो, आणि एकदा झाकला की पुरता परत येत नाही. म्हणून अंधारातला दिवा जलरंगात काढणे हे उलट्या दिशेने चालण्यासारखे आहे: जे सर्वांत उजळ तेथे हात लावायचा नाही, आणि बाकी सगळा कागद त्याच्यासाठी काळवंडवायचा. चिताऱ्याचा आरंभ झाकण्यापासून होतो, हळदणकरांचा राखण्यापासून. एका गावातल्या या दोन रीतींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. परंतु ज्याने जलरंग हाती घेतला त्याला पहिल्या फटकाऱ्याआधीच ठरवावे लागते, की मी काय राखणार आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे गोडसे भटजी आठवतील. विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, घरी परतले, आणि पाव शतक उलटल्यावर 'माझा प्रवास' लिहायला बसले. त्यांच्याजवळ कसलेही छायाचित्र नव्हते. होते ते स्मरण, आणि काळाने त्यातले पुष्कळ आधीच गाळून ठेवलेले. त्या लेखनाचा जोर पुष्कळ अंशी या गाळणीत आहे. पण गाळणीची दुसरी बाजूही याच पुस्तकात दिसते. १९०७मध्ये चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केले तेव्हा मजकुरात त्यांनी फेरफार केले, काही गाळले. मूळ हस्तलिखित शिल्लक होते म्हणून पुढे दत्तो वामन पोतदारांना ते मूळ रूपात छापता आले. लेखकाच्या स्मरणाने गाळणे आणि संपादकाच्या कात्रीने गाळणे यांत फरक आहे, आणि तो केवळ कलेचा नाही. कोणी गाळले, कोणासाठी, आणि गाळलेल्याचा पत्ता उरला की नाही, हे प्रश्न त्यात येतात.

हे सगळे मनात घेऊन आम्ही पुन्हा टेबलावरच्या छायाचित्राकडे वळलो. आता त्याचे दोष दिसू लागले. फोनच्या रुंद भिंगाने किल्ला मागे लोटला आहे. धक्क्यावर उभे असताना समोरचा सगळा पश्चिमेचा पट्टा तटाने भरल्यासारखा वाटला होता, येथे तो एका बोटाखाली झाकतो. सूर्य किल्ल्यामागे कलत होता. तेव्हा आमच्या बाजूचा तट सावलीत, निळसर जांभळा असणार. फोनने ती सावली परस्पर उजळून तपकिरी करून ठेवली आहे. १८९८च्या काचेला दोन टोके धरता येत नव्हती. आजचे यंत्र दोन्ही धरते, पण त्यांना एकमेकांजवळ ओढून आणते, आणि उजेड-अंधाराचे अंतर, ज्यावर जलरंग उभा असतो, तेच पुसते.

छायाचित्राला तारीखही असते. मालवणातल्याच राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला, आणि २०२५मध्ये तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. दोन वर्षांच्या आत त्या किनाऱ्याचे क्षितिज किती वेळा बदलले! आमच्या चौकटीत राजकोट येत नाही. पण चार छायाचित्रांतून सोयीचे तुकडे जमवून देखावा रचणाऱ्या चित्रकाराने एवढे पाहावे, की आपण रचलेला दिवस कोणत्याही वर्षी उगवलेला नसेल. तो रचण्याला मनाई नाही. रचला आहे हे स्वतःला ठाऊक असावे.

मग आम्ही छायाचित्र उलटे ठेवले. रद्दी कागदावर पोस्टकार्डाएवढ्या चौकटी आखून आठवणीतून नुसत्या तीन छटा मांडल्या: कागद तसाच सोडलेले पाणी, मधल्या छटेचा तट, आणि सगळ्यांत गडद होड्या. तिसऱ्या चौकटीत किल्ला धक्क्यावरून दिसला होता तेवढा मोठा झाला. होड्या सातांच्या तीन झाल्या. त्यांवरची अक्षरे गेली. मोठ्या कागदावर पेन्सिलीची जेमतेम सहा-सात रेघांची आखणी झाली, आकाशाचा भाग ओला केला, आणि अल्ट्रामरिनमध्ये बर्न्ट सिएनाचा कण मिसळून पहिला हात वरून खाली उतरू दिला. सुरुवात अशी झाली.

अडचण उरली ती डाव्या कोपऱ्यातल्या बाईची. रचनेचे नियम सांगतात, कडेला तुटलेली आकृती नजर बाहेर ओढते, तेव्हा ती काढून टाकावी. डॅनिएलच्या काळापासूनची सवयही तेच सांगते. काढले असते तर कोणाला कळलेही नसते, आणि चित्र अधिक नीटस झाले असते. परंतु हा किनारा जगतो तो मासळीवर. रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडून त्याची दोन्ही टोके वाळूवरून माणसांनी ओढायची, ही येथली जुनी मासेमारी. आणि ओढून आलेले बाजारात नेऊन बसणाऱ्या या बायका. त्यांना वगळून किल्ला, माड आणि पाणी एवढेच ठेवले तर उरते ते पर्यटनाचे भित्तिपत्रक.

तेव्हा तिला पुरी घ्यायचे ठरवले, आणि तेथे आमची फजिती झाली. छायाचित्रात ती निम्मी आहे. उरलेली निम्मी आठवणीतून आणायची, तर आठवणीत काहीच नाही. तिचे लुगडे कोणत्या रंगाचे होते एवढे छायाचित्र सांगते. ती कोणाकडे पाहत होती, दुसरा हात पाटीवर होता की कोयत्यावर, हे आम्ही पाहिलेच नव्हते. आम्ही किल्ल्याचे छायाचित्र घेत होतो. होडीवाल्याने किल्ला बघा म्हटले, पण त्याच्या बोलण्याचा रोख बहुधा एकट्या किल्ल्यापुरता नव्हता. एखादा चेहरा बसवून देणे अवघड नव्हते. कोळणींची चित्रे आपण इतकी पाहिली आहेत की हात आपोआप एक काढून देईल. पण मग ती मालवणच्या धक्क्यावर बसलेली बाई राहिली नसती.

चित्र आता बरेच पुढे गेले आहे. तटाची सावली मनासारखी निळी उतरली, पाण्यावरचा एक लांब पट्टा कागद राखून उजळ राहिला. डाव्या कोपऱ्यात, होड्यांच्या अलीकडे, बसलेल्या माणसाएवढी एक जागा अजून कोरी आहे. परक्याला ती उन्हाचा कवडसा वाटेल. जलरंगात राखलेले आणि राहून गेलेले एकसारखेच पांढरे दिसते. आमच्यापुरता तो फरक आम्हांला ठाऊक आहे. येत्या मार्गशीर्षात पुन्हा मालवणास जाण्याचा बेत आहे. या खेपेस वही आधी उघडायची, आणि तिची हरकत नसेल तर आधी तिच्यापाशी बसायचे, असे ठरवले आहे.